नाताळच्या तबकड्यांचा गायक : बिंग क्रॉस्बी

नाताळचा सण जवळ आला म्हणजे, जेथे जेथे इंग्रजी गीते ऐकण्याचा प्रघात आहे तेथे तेथे, एक सखोल परंतु अतिशय मृदू असा पुरुषी आवाज दरवर्षी न चुकता कानी पडतो. शेजारी बसून कोणी आप्ताने गुणगुणावे, तसा तो ऐकणाऱ्याच्या जवळ येतो. ज्याचा हा आवाज, तो गायक इ. स. १९७७ मध्ये परलोकवासी झाला. ज्या लाखेच्या काळ्या तबकड्यांवर त्याचे गायन प्रथम उमटले, त्या आज क्वचितच कोणाच्या घरी सापडतील. त्या वाजविण्याची यंत्रेही बहुतेक माळ्यावर जाऊन पडली. तथापि तो आवाज मात्र विसरला गेला नाही. त्या गायकाचे नाव बिंग क्रॉस्बी.

महोत्सवाच्या स्मरणिकेत साधुसंतांची किंवा थोर धर्मगुरूंची चरित्रे वाचण्याची आपणास सवय आहे. प्रस्तुत गृहस्थ संत नव्हते, व त्यांना संत ठरविण्याचा येथे उद्देशही नाही. ते कॅथलिक प्रापंचिक होते. करमणुकीच्या धंद्यात त्यांनी नाव व पैसा अमाप मिळविला. त्यांच्या हातून चुकाही झाल्या, आणि त्यांपैकी काही गंभीर होत्या. असे असूनही त्यांचे चरित्र आपण वाचावे, याला कारण आहे. देवाने दिलेल्या देणगीवर आपला हक्क किती, आणि ती कोणासाठी वापरावयाची, हा प्रश्न त्यांच्यापुढे एका स्तोत्राच्या निमित्ताने उभा राहिला. तोच प्रश्न, लहान प्रमाणावर का होईना, आपल्या गायनवृंदात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकापुढे उभा असतो.

बालपण व शिक्षण

हॅरी लिलिस क्रॉस्बी यांचा जन्म ३ मे १९०३ रोजी अमेरिकेच्या वायव्य टोकास, वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा या गावी झाला. सात भावंडांत ते चौथे. वडील हिशेबनीस होते. ते मूळचे प्रॉटेस्टंट, परंतु विवाहप्रसंगी त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला होता. आई कॅथरिन हॅरिगन ही आयरिश वंशातील कॅथलिक स्त्री. १९०६ मध्ये हे कुटुंब स्पोकॅन नावाच्या गावी येऊन राहिले. वडील स्वभावाने मोकळे, पैसा हाती टिकू न देणारे आणि गाण्याचे शोकी. घरात ग्रामोफोन व पियानो होता. आई मात्र कडक शिस्तीची होती. मुलांची प्रार्थना आणि मिसा यांत तिने कधी खंड पडू दिला नाही. बापाचे गाणे व आईची शिस्त या दोन्ही गोष्टींचा वारसा या मुलाला मिळाला, आणि पुढील आयुष्यात दोहोंचेही फळ दिसून आले.

बिंग हे नाव त्यांना बालवयातच पडले. स्थानिक वर्तमानपत्रात एक विनोदी सदर येत असे, त्याच्या नावात हा शब्द होता. ते सदर या मुलाला फार आवडे, म्हणून शेजारच्या एका मुलाने त्याला त्या नावाने हाक मारण्यास आरंभ केला. ते नाव पुढे साऱ्या जगाने उचलले.

क्रॉस्बी यांचे घर येशूसंघीय धर्मगुरूंनी चालविलेल्या गोंझागा या विद्यालयाच्या अगदी जवळ होते. संत अलोयसियुस गोंझागा यांच्या नावाने चालणाऱ्या या संस्थेत हा मुलगा शिकला. तेथे त्याला लॅटिन भाषा, वक्तृत्व आणि उच्चाराची शुद्धता यांचे धडे मिळाले. वेदीसेवक म्हणून तो मिसेला उभा राहत असे. शब्द कसा उच्चारावा, तो कोठे तोडावा, कोणत्या अक्षरावर भार द्यावा, ही शिकवण त्याला रंगभूमीवरून मिळण्याच्या आधी शाळेत मिळाली होती. त्यांच्या गायनातील प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येतो याचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

१९२० मध्ये त्यांनी गोंझागा विद्यापीठात प्रवेश घेतला आणि पुढे कायद्याच्या अभ्यासास आरंभ केला. मुलगा वकील होईल अशी घरच्यांची अपेक्षा असावी, हे स्वाभाविकच होय. परंतु अल रिंकर नावाच्या मित्राच्या वाद्यमेळात ते ढोल वाजवू व गाऊ लागले, आणि कायद्याची पुस्तके मागे पडली. १९२५ मध्ये हे दोघे मित्र एका जुन्या मोटारीत बसून दक्षिणेकडे लॉस एंजलिस शहरी निघून गेले.

मृदू आवाजाचे युग

त्या काळापर्यंत रंगभूमीवरील गायकास मोठ्याने गाणे भाग असे. शेवटच्या रांगेतील श्रोत्याला ऐकू गेले पाहिजे, यासाठी आवाज फेकावा लागे. तबकडीवर गाणे उतरवितानाही एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोराने गावे लागे. १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणात विजेचा व मायक्रोफोनचा उपयोग सुरू झाला आणि ही सक्ती संपली. आता श्वासाचा हळुवारपणा, ओठावरचे स्मित, एखाद्या शब्दातील कंपसुद्धा यंत्र टिपू लागले.

पुष्कळ गायकांनी हे नवे यंत्र केवळ आवाज वाढविण्याचे साधन म्हणून वापरले. क्रॉस्बी यांनी ओळखले की यामुळे आवाज कमी करता येतो. हजारो माणसांच्या सभेपुढे गात असल्याप्रमाणे न गाता, एकाच माणसाशी बोलावे तसे त्यांनी गाण्यास आरंभ केला. या पद्धतीच्या गायकास इंग्रजीत क्रूनर म्हणू लागले, आणि क्रॉस्बी त्यांत अग्रगण्य ठरले. नभोवाणी घरोघर पोहोचण्याचा काळ तोच होता. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला त्याच्याच माजघरात बसून कोणी शांतपणे गाणे म्हणून दाखवावे, तसा हा अनुभव होता.

परंतु यशाचा रस्ता सरळ नव्हता. १९२६ मध्ये पॉल व्हाइटमन यांच्या प्रख्यात वाद्यवृंदात क्रॉस्बी व रिंकर यांना स्थान मिळाले. तरुण वय, हाती पैसा आणि मद्याची सवय, यांचा परिणाम लवकरच भोवला. १९२९ मध्ये हॉलिवुड येथे मद्याच्या अमलाखाली त्यांच्या मोटारीस अपघात झाला व त्यांना तुरुंगात जावे लागले. व्हाइटमन यांच्या बोलपटात त्यांना मिळावयाचे मुख्य गीत त्यामुळे दुसऱ्या गायकाकडे गेले. २९ सप्टेंबर १९३० रोजी डिक्सी ली या नटीशी त्यांचा विवाह झाला. परंतु काही महिन्यांतच, पतीच्या व्यसनाला कंटाळून, तिने विभक्त होण्याची भाषा काढली. या धक्क्याने क्रॉस्बी भानावर आले. त्यांनी आपली वागणूक सावरली, कामाला नियम लावला आणि सप्टेंबर १९३१ पासून नभोवाणीवर त्यांचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. थोड्याच काळात सारे राष्ट्र त्यांना ओळखू लागले.

१९३४ मध्ये जॅक कॅप यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत डेका नावाची तबकड्यांची कंपनी निघाली. तो काळ भयंकर आर्थिक मंदीचा होता. इतर कंपन्यांच्या चांगल्या तबकडीस ७५ सेंट पडत, तेथे कॅप यांनी ३५ सेंटांस तबकडी विकण्याचे धाडस केले. क्रॉस्बी हे त्यांचे प्रमुख गायक झाले. अशा रीतीने गरिबाच्या घरातही त्यांचा आवाज पोहोचला.

एका स्तोत्राचा प्रश्न

येथे आपणास काही काळ मागे, युरोपात, ऑस्ट्रिया देशी जावे लागेल. साल्झबर्ग शहराजवळ ओबर्नडॉर्फ नावाचे नदीकाठचे लहान गाव आहे. तेथील संत निकोलस यांच्या ख्रिस्तमंदिरात जोसेफ मोर नावाचे तरुण सहायक धर्मगुरू होते. त्यांनी १८१६ मध्ये ख्रिस्तजन्माच्या रात्रीवर एक साधे गीत रचले होते. १८१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी ते फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरांकडे नेले. ग्रुबर तेथे ऑर्गनही वाजवीत. मास्तरांनी चाल लावली, आणि त्याच रात्री गिटारच्या साथीवर त्या दोघांनी ते गायिले. तेच गीत आज आपण सायलेंट नाइट या इंग्रजी नावाने ओळखतो, व त्याची भाषांतरे मराठीसह जगातील शेकडो भाषांत गायिली जातात. या गीतापासून फादर मोर यांना धनप्राप्ती झाली नाही. वाग्राइन नावाच्या गावी त्यांनी मुलांसाठी शाळा उभारली, व तेथेच १८४८ मध्ये ते दरिद्री अवस्थेत वारले.

आता, हे गीत तबकडीवर गावे असा आग्रह जेव्हा क्रॉस्बी यांना होऊ लागला, तेव्हा ते मागे सरले. प्रेमगीते गाऊन पैसा मिळविण्यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते. तो त्यांचा धंदाच होता. परंतु देवबाळाच्या जन्माचे स्तोत्र गाऊन त्याची विक्री करावयाची आणि नफा खिशात घालावयाचा, ही गोष्ट येशूसंघीयांच्या शाळेत वाढलेल्या त्या माणसाच्या मनाला पटेना. आपण धर्माचा व्यापार करीत आहोत असे त्यांना वाटे. शिवाय नृत्यशाळांतून व उपाहारगृहांतून ज्याचा आवाज ऐकू येतो, अशा गायकाने हे स्तोत्र म्हणणे कितपत शोभेल, हीही शंका होतीच.

याच सुमारास, १९३५ मध्ये, चीन देशातील कोलंबन मिशनऱ्यांच्या कार्याविषयी एक चित्रपट तयार होत होता. त्या मिशनच्या मदतीसाठी गाण्याची विनंती क्रॉस्बी यांना करण्यात आली, व त्यांनी ती मान्य केली. यातून मार्ग निघाला. स्तोत्र गावयाचे, परंतु त्याचे उत्पन्न धर्मादायाकडे जाऊ द्यावयाचे, असे ठरले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सायलेंट नाइट व आदेस्ते फिदेलेस ही दोन गीते डेका कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाली. तबकडी अतोनात खपली.

वाचकांनी या लहानशा प्रसंगाकडे बारकाईने पाहावे. क्रॉस्बी यांनी स्तोत्र गाण्याचे नाकारले असते, तर त्यांची भीड राखली गेली असती, परंतु लक्षावधी घरांत ते गीत त्या गोडव्याने पोहोचले नसते. त्यांनी निःशंकपणे पैसा घेतला असता, तरी कायद्याने त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी आवाज दिला आणि मोबदल्यावरचा हात काढून घेतला. मनाला टोचणी लागली असता काम टाळून पळून जाणे सोपे असते. ती टोचणी जागी ठेवून काम योग्य रीतीने करणे अधिक कठीण.

युद्धकाळातील नाताळ

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला व अमेरिका युद्धात उतरली. त्यानंतर अठरा दिवसांनी, नाताळच्या दिवशी, क्रॉस्बी यांनी आपल्या नभोवाणीच्या कार्यक्रमात एक नवे गीत प्रथमच गायिले. त्याचे नाव व्हाइट ख्रिसमस. बर्फाने आच्छादलेल्या, पूर्वी पाहिलेल्या घरच्या नाताळाची आठवण, एवढाच त्याचा विषय.

या गीताचे कर्ते आयर्व्हिंग बर्लिन हे रशियन साम्राज्यातून लहानपणी अमेरिकेत आलेले ज्यू गृहस्थ होते. त्यांची पत्नी एलिन मॅके ही कॅथलिक घराण्यातील. १९२८ मध्ये त्यांचा अवघ्या तीन आठवड्यांचा पुत्र बरोबर नाताळच्या दिवशी मरण पावला होता. त्या घरात नाताळ हा आनंदाबरोबर शोकाचाही दिवस झाला होता. हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या वरकरणी गोड गीताच्या तळाशी असलेली उदासीनता समजून येते.

२९ मे १९४२ रोजी हे गीत ध्वनिमुद्रित झाले, आणि त्याच वर्षी हॉलिडे इन या बोलपटातून ते लोकांपुढे आले. ऑक्टोबरात ते लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोचले. विशेष असे की, त्याची सर्वांत मोठी मागणी रणभूमीवरून आली. पॅसिफिक महासागरातील बेटांवर, जेथे बर्फाचा कणही पडत नाही, अशा ठिकाणी असलेले सैनिक नभोवाणीकडे याच गीताची मागणी करीत. बर्फाची नव्हे, घराची ती ओढ होती. पुढील वर्षी, १९४३ मध्ये, नाताळला घरी येण्याच्या आशेचे आणखी एक गीत क्रॉस्बी यांनी गायिले, त्याचेही असेच स्वागत झाले.

१९४४ मध्ये क्रॉस्बी सैनिकांच्या करमणुकीसाठी युरोपात गेले. तेथेही हेच गीत मागितले जाई. ते गाण्यास त्यांचे मन कचरे. कारण ते ऐकून धट्ट्याकट्ट्या पुरुषांचे डोळे भरून येत, आणि ज्यांना आनंद देण्यासाठी आपण आलो त्यांना आपण रडवितो, असे त्यांना वाटे. परंतु मागणी थांबत नसे, म्हणून ते गात. त्या श्रोत्यांपैकी कित्येकांच्या नशिबी पुन्हा घरचा नाताळ नव्हता.

तबकड्यांचा संच

युद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ मध्ये, डेका कंपनीने क्रॉस्बी यांची नाताळची गीते एकत्र करून मेरी ख्रिसमस या नावाचा संच प्रसिद्ध केला. अल्बम या शब्दाचा मूळ अर्थ त्या वेळी अक्षरशः खरा होता. छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत पाच तबकड्या घातलेल्या असत, व प्रत्येक बाजूस एक याप्रमाणे त्यांत दहा गीते होती. एक गीत संपले की उठून तबकडी उलटावी लागे.

त्या संचात काय काय होते, हे पाहण्यासारखे आहे. सायलेंट नाइट व आदेस्ते फिदेलेस यांची जून १९४२ मधील नवी मुद्रणे त्यात होती. आदेस्तेचा आरंभ क्रॉस्बी लॅटिनमध्ये करतात आणि मग इंग्रजीकडे वळतात. वेदीसेवक असताना कानावर पडलेली ती भाषा त्यांच्या तोंडी परकी वाटत नाही. इंग्लंडमधील श्रद्धेसाठी छळ सोसलेल्या पूर्वजांवर फादर फेबर यांनी रचलेले स्तोत्रही होते. त्यांच्या जोडीस व्हाइट ख्रिसमस होते, आणि अँड्र्यूज भगिनींसमवेत गायिलेली, घुंगरांच्या गाडीची व सांताक्लॉजची खेळकर गीतेही होती. देव्हारा आणि अंगण एकाच पुठ्ठ्यात बांधावे, असा तो संच होता. कोणास हे मिश्रण रुचणार नाही. परंतु कॅथलिक कुटुंबातील नाताळ तरी वेगळा कोठे असतो? मध्यरात्रीच्या मिसेहून परतल्यावर त्याच घरात फराळाची ताटे मांडली जातात व मुले दंगा करतात.

हा संच पुढे रूपे बदलीत गेला. १९४९ मध्ये तो लांब चालणाऱ्या एका तबकडीवर आला. १९५५ मध्ये बारा गीतांची मोठी तबकडी निघाली, व तीच पुढील पिढ्यांच्या परिचयाची झाली. त्यानंतर फिती आल्या, लहान चकत्या आल्या, आणि त्या सर्वांवर हा संच पुन्हा उतरला. व्हाइट ख्रिसमसची मूळ मुद्रणपट्टी तर इतक्या प्रती काढून काढून झिजली, की १८ मार्च १९४७ च्या सुमारास तेच गीत त्याच चालीवर पुन्हा गावे लागले. या एका गीताच्या पाच कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या असाव्यात, असा अंदाज आहे.

बोलपटातील धर्मगुरू

संच निघाला त्याच्या आदल्या वर्षी, १९४४ मध्ये, लिओ मॅकेरी या कॅथलिक दिग्दर्शकाचा गोइंग माय वे हा बोलपट प्रदर्शित झाला होता. त्यात क्रॉस्बी यांनी फादर ओमॅली या तरुण धर्मगुरूची भूमिका केली. कर्जात बुडालेला धर्मग्राम, वृद्ध व हट्टी प्रमुख धर्मगुरू, रस्त्यावर भटकणारी पोरे, आणि त्या पोरांना धाकाने न वळविता गायनवृंदात गोळा करणारा नवा धर्मगुरू, असे त्याचे कथानक आहे. शेवटी ख्रिस्तमंदिर जळून जाते, तेव्हा त्याच मुलांचे गायन ते पुन्हा बांधण्यास उपयोगी पडते. या बोलपटास सात अकादमी पारितोषिके मिळाली. क्रॉस्बी यांना उत्कृष्ट अभिनयाचे पारितोषिक मार्च १९४५ मध्ये देण्यात आले. त्याच वर्षी दुसऱ्या बोलपटात त्यांनी पुन्हा हीच भूमिका केली.

जो समाज कॅथलिक धर्मगुरूंकडे कित्येक पिढ्या संशयाने पाहत आला होता, त्या समाजाने हसतमुख फादर ओमॅलीला आपलेसे केले. परंतु येथे एक धोकाही होता. लोक भूमिकेला माणूस समजू लागले. पडद्यावरील समंजस, क्षमाशील धर्मपिता घरीही तसाच असेल, असे साऱ्यांनी गृहीत धरले.

घरातील सत्य

घरी परिस्थिती निराळी होती, आणि चरित्रकाराने ती झाकू नये. डिक्सी यांना चार पुत्र झाले: गॅरी, जुळे फिलिप व डेनिस, आणि लिंडसे. ज्या पत्नीने पतीला मद्यापासून परत फिरविले, तीच पुढे मद्याच्या आहारी गेली. क्रॉस्बी कामानिमित्त व खेळानिमित्त फार काळ बाहेर असत. घरी असत तेव्हा त्यांची शिस्त कठोर असे. १ नोव्हेंबर १९५२ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, डिक्सी कर्करोगाने वारल्या.

वडिलांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १९८३ मध्ये, थोरला पुत्र गॅरी याने पुस्तक लिहून वडिलांच्या हातच्या पट्ट्याच्या माराची व टोचून बोलण्याची हकीकत प्रसिद्ध केली. फिलिपने त्याचा जोराने प्रतिवाद केला. भावाभावांतील या वादाचा निवाडा परक्याने करू नये. परंतु मुलांच्या संगोपनात आपण कमी पडलो, ही गोष्ट क्रॉस्बी यांनी स्वतः हयातीतच उघडपणे मान्य केली होती. या चौघांपैकी दोघांनी, लिंडसे याने १९८९ मध्ये व डेनिस याने १९९१ मध्ये, आपल्या हातांनी जीवनाचा अंत केला. हे लिहिताना लेखणी जड होते.

ज्या आवाजाने जगभरच्या माणसांना घराची आठवण करून दिली, त्या आवाजाच्या घरातील मुलांना घराची ऊब पुरेशी मिळाली नाही. म्हणून ते गायन खोटे होते काय? तसे म्हणता येत नाही. देणगी देणारा देव आहे, आणि तो ती अपुऱ्या माणसांच्या हाती देतो. दुसऱ्या प्रकारची माणसे त्याच्यापाशी नाहीत. परंतु देणगीमुळे माणसाच्या कर्तव्यात सूटही मिळत नाही. स्तोत्राच्या पैशाविषयी ज्यांचे मन इतके जागरूक होते, त्यांनाही स्वतःच्या उंबरठ्याच्या आत काय कमी आहे हे वेळेवर उमगले नाही. बाहेर उदार व घरात कठोर असणे ही केवळ प्रसिद्ध पुरुषांची व्याधी नव्हे. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ सज्जन बापांनी या ओळीशी क्षणभर थांबावे.

अखेरची वर्षे

१९५७ मध्ये क्रॉस्बी यांचा दुसरा विवाह कॅथरिन ग्रँट यांच्याशी झाला. त्यांना तीन अपत्ये झाली. या वेळी वयाने व अनुभवाने निवळलेले क्रॉस्बी अधिक सौम्य पिता ठरले. आपल्या जुन्या विद्यालयाला ते विसरले नाहीत. गोंझागा येथे त्यांच्या साहाय्याने ग्रंथालयाची इमारत उभी राहिली, आणि त्यांचे बालपणीचे घर तेथे स्मारक म्हणून जतन करण्यात आले. दरवर्षी नाताळच्या सुमारास पत्नी व मुलांसह ते दूरचित्रवाणीवर गात.

मार्च १९७७ मध्ये एका कार्यक्रमाच्या वेळी रंगमंचावरून पडून त्यांच्या पाठीस गंभीर दुखापत झाली. वय ७३ होते; परंतु ते पुन्हा उभे राहिले. सप्टेंबरात लंडन येथे त्यांनी नाताळचा शेवटचा कार्यक्रम चित्रित केला. त्यात डेव्हिड बोवी या तिशीतील इंग्रज गायकासमवेत त्यांनी शांतीचे युगलगीत गायिले. दोघांच्या गायनाचे ढंग इतके भिन्न, की ते एकत्र कसे गातील असा प्रश्न पडावा. पण वृद्ध गायकाने आपला खालचा स्वर धरला आणि तरुणाला वर जाण्यास वाव दिला. तो कार्यक्रम नोव्हेंबरअखेर अमेरिकेत दाखविण्यात आला, त्या वेळी क्रॉस्बी हयात नव्हते. १४ ऑक्टोबर १९७७ रोजी स्पेनमध्ये माद्रिदजवळ गोल्फचा डाव संपवून परत येत असता हृदयक्रिया बंद पडून ते कोसळले होते. वय ७४. लॉस एंजलिस येथे मिसा होऊन कल्व्हर सिटीतील होली क्रॉस या कॅथलिक दफनभूमीत त्यांना आईवडिलांच्या व डिक्सीच्या सान्निध्यात मातीआड करण्यात आले.

उपसंहार

महोत्सवाच्या वर्षी आपण आपल्या धर्मग्रामाच्या इमारतींची, देणग्यांची व कार्यांची मोजदाद करतो, आणि ती योग्यच आहे. परंतु वर्षानुवर्षे येथे जे गायिले गेले, त्याची मोजदाद कोणत्याच वहीत नाही. गाणारे गेले, त्यांची नावेही विस्मृतीत गेली. गीते मात्र नातवंडांच्या तोंडी आहेत. ओबर्नडॉर्फच्या त्या दोघांनी एका रात्रीपुरते गायिलेले स्तोत्र सव्वाशे वर्षांनी एका अमेरिकन गायकाच्या तबकड्यांवर आले, आणि पुढे तेही गायक गेले. स्तोत्र कोणा एकाचे राहिले नाही, याचे कारण हेच की पहिल्यापासून कोणी त्यावर मालकी सांगितली नाही. आणि ज्याला ती सांगता आली असती, त्याने ती घेण्यास संकोच केला.

तेव्हा आमच्या गायनवृंदातील बंधुभगिनींनो, येत्या नाताळच्या मध्यरात्री ते स्तोत्र म्हणताना आवाज चढविण्याची घाई करू नका. मागच्या बाकावरील वृद्धेलाही आपल्याबरोबर गुणगुणता येईल, इतक्या हळू म्हणा. आणि मिसा संपवून घरी गेल्यावर, जो मृदू स्वर देवळात लावला, तोच घरच्या मुलाबाळांशी बोलतानाही ठेवा. बिंग क्रॉस्बी यांना पहिली गोष्ट उत्तम साधली, दुसरी साधण्यास उशीर झाला. दयाळू प्रभू त्यांच्या आत्म्यास आणि त्यांच्या दिवंगत पुत्रांच्या आत्म्यांस चिरशांती देवो.